शुश्रूषा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला पत्र धाडले, त्यात विषय दिला होता 'विद्यार्थी आणि शिस्त'. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविलेल्या मास्तरास दुसरा कोणता विषय देणार? परंतु त्या विषयावर मी या व्यासपीठावरून यापूर्वी दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळी समोरच्या मुलांना झोप आलेली मी पाहिली आहे. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आज मी विषय बदलून घेतला. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला माणूस. वैद्यकशास्त्र मला येत नाही. जे सांगणार आहे ते थोडे वाचलेले आणि पुष्कळसे रुग्णालयाच्या लोखंडी स्टुलावर बसून पाहिलेले आहे. त्यातील काही भाग या ज्ञातिमंडळास आणि व्यक्तिशः मला लाज आणणारा आहे. तोही सांगावा लागेल.

मास्तरकीच्या सवयीप्रमाणे शब्दापासूनच आरंभ करतो. रोग्याच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द फळ्यावर लिहिताना मुले हमखास चुकतात, कोणता श आणि कोणता ष यात त्यांचा घोळ होतो. मीही वर्षानुवर्षे तो केवळ शुद्धलेखनाचा शब्द म्हणूनच शिकविला. पुढे एकदा कोशात पाहिले तेव्हा कळले, की हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झालेला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूजवळ बसून त्याचे बोलणे ऐकू इच्छिणारा तो शुश्रूषु. त्यावरून सेवा हा अर्थ आला, आणि मग रोग्याची सेवा. आपल्या पूर्वजांनी रोग्याच्या सेवेला जे नाव दिले, त्याच्या पोटात औषध नाही, पथ्य नाही, ऐकणे आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक लहानसा अध्याय आहे. चिकित्सेचे चार पाय त्यात सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण असे: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. मला नवल वाटले ते तिसऱ्या गुणाचे. अनुराग ही काय शास्त्रात लिहावयाची गोष्ट आहे? ती ज्याच्या त्याच्या स्वभावाची बाब, असे आपण म्हणतो. परंतु शास्त्रकाराने ज्ञान आणि दक्षता यांच्या जोडीस तिला बसविले आहे. रोग्याच्या गुणांत एक आहे ज्ञापकत्व, म्हणजे आपणास काय होते ते सांगता येणे. आता सांगणारा सांगेल कोणाला? ऐकणारा असेल तर त्याला. ज्याची वाचाच गेलेली आहे त्याने काय करावे, याचे उत्तर मला त्या अध्यायात मिळाले नाही. ते पुढे एका परिचारिकेने दिले.

२०१८ सालच्या आषाढात माझ्या पत्नीस पक्षाघाताचा झटका आला. सकाळी देवपूजेची फुले काढता काढता परडी हातातून पडली आणि ती तशीच खाली बसली. उजवे अंग गेले आणि त्याबरोबर वाचाही गेली. शहरातील एका मोठ्या रुग्णालयात तिला नेले. तेथे आम्ही तेवीस दिवस होतो. चाळीस खाटांचा कक्ष, आणि रात्रपाळीस बहुधा एक परिचारिका, एक मावशी आणि एक मामा. ज्या रुग्णालयात शिक्षण दिले जाते तेथे तीन रोग्यांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. हे मी मागाहून वाचले. चाळीसांमागे एक, हे कोणत्या मानकात बसते ते ज्याने त्याने गणित करून पाहावे. तिसरीच्या मुलास जमण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातून एक अपराध घडला. पत्नीचे ओठ कोरडे पडलेले पाहून माझ्याने राहवेना. सकाळी कोणीतरी जाता जाता 'पाणी देऊ नका' असे म्हणून गेले होते. का देऊ नये, ते सांगितले नव्हते. उन्हाळ्यात चिमणीलासुद्धा आपण पाणी ठेवतो; सदतीस वर्षे जिने मला पाण्याचा तांब्या दिला तिला ते कसे नाकारावे? ती उताणी निजलेली असताना मी चमच्याने पाणी घातले. दुसऱ्याच चमच्यास ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला. धावपळ झाली, नळी घालून पाणी ओढून काढले, आणि ती वाचली. दिवसपाळीची परिचारिका माझ्यावर सर्वांदेखत ओरडली. "शिकलेले दिसता, मग अक्कल नाही का?" असे तिचे शब्द होते. मला राग आला, आणि तिचे खोटे नव्हते म्हणून अधिकच आला. त्या वेळी मी मनाशी ठरविले, की या बायका निर्दय असतात. असे ठरविणे मला सोपे होते. त्याचे कारण पुढे येईल.

रात्री पाळी बदलली. नवी परिचारिका आली, वय फार तर तिशीचे. तिने प्रथम केस पेपर वाचला, आणि मग पत्नीच्या कानाशी वाकून तिला नावाने हाक मारली. "मावशी, मी रात्रीची सिस्टर. आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. थोडं दुखेल. तयार?" मी खिन्नपणे म्हणालो, "अहो, तिला काही कळत नाही." ती म्हणाली, "काका, बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नसतं. आपण कळतंय असं धरूनच बोलायचं." नंतर तिने पत्नीस सांगितले, की होय म्हणावयाचे असेल तर डोळे एकदा मिटा. आणि पत्नीने डोळे मिटले! दीड दिवस मी तिच्या उशाशी बसून तिच्याविषयी डॉक्टरांशी, नातलगांशी, औषधवाल्याशी बोलत होतो. तिच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो. संसारातही आमचे असेच चालत आले होते की काय, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात आला. आजही तो तेथेच आहे.

मग तिने मला शिकविले. झटक्यानंतर घशाचे स्नायूही लुळे पडतात, त्यामुळे पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसात दाह होतो. पातळ पाणी सर्वांत धोक्याचे. दाटसर पदार्थ त्या मानाने बरा. गिळण्याची परीक्षा होईपर्यंत सारे नाकातील नळीनेच द्यावयाचे. पुढे तोंडाने देऊ लागल्यावर रोग्यास बसते करून, हनुवटी किंचित खाली घेऊन, अर्धा चमचा द्यावयाचा. गिळल्याची खात्री झाल्यावाचून पुढचा चमचा नाही. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने पुसावयाचे. हे सारे सांगावयास तिला पाच मिनिटे लागली असतील. सकाळी ती पाच मिनिटे कोणाजवळ नव्हती. ओरडणाऱ्या त्या दुसऱ्या परिचारिकेचा मी आता निराळा विचार करतो. तिला त्या दिवशी किती खाटा पाहावयाच्या होत्या, हे मी मोजले नव्हते.

दर दोन तासांनी कूस बदलणे हा या सेवेचा कणा आहे. आपण निरोगी माणसे झोपेत कितीदा वळतो ते आपणास ठाऊकही नसते. ज्याला वळता येत नाही त्याचे माकडहाड, खुबे आणि टाचा अंथरुणावर दाबल्या जातात, तेथला रक्तप्रवाह थांबतो, कातडी प्रथम लाल आणि मग काळी पडते, आणि अखेर जखम हाडापर्यंत जाते. यालाच शय्याव्रण म्हणतात. त्यावर उत्तम उपाय एकच, तो होऊ न देणे. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी, चादरीस एकही चुणी नाही, आणि ओले झाले की लगेच कोरडे. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. मी घड्याळ लावून घेतले. तिने मला पत्नीच्या पाठीवर हात ठेवावयास लावून, कातडी तापली आहे की नाही हे ओळखावयास शिकविले. साठीचा विद्यार्थी मी. परंतु इतक्या धीराने मला कोणी शिकविल्याचे आठवत नाही, आणि मी स्वतः तर असे कधीच कोणास शिकविले नाही.

शेवटी जाता जाता ती म्हणाली, "काका, तुम्ही जेवलात का?" त्या दिवशी मला हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच.

त्या मुलीचे आडनाव काय, हे मी विचारले नाही. या सभेत हे मुद्दाम सांगतो, कारण आपणा सर्वांची सवय आपणास ठाऊक आहे. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचे आडनाव, गाव आणि सोयरीक काढल्यावाचून आपला एक थांबा पुढे जात नाही. मी तर त्या कामी पटाईत. तेवीस दिवसांत ते विचारावयाचे मला सुचले नाही.

आता आपल्या समाचारास येण्याविषयी. माझ्या पत्नीस पाहावयास ज्ञातीतील मंडळी पुष्कळ आली, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु ती एकेक करून आली नाहीत, वऱ्हाड यावे तशी आली. खाटेभोवती आठ जण उभे राहिले. एकीने गळा काढला. एक गृहस्थ, आज येथे असतील तर त्यांनी रागावू नये, आपल्या चुलत्यास हाच विकार कसा झाला आणि ते नेमके कितव्या दिवशी गेले, हे सविस्तर सांगू लागले. दुसऱ्यांनी लगोलग 'काही होत नाही, आठ दिवसांत उठून चालू लागतील' असे आश्वासन दिले. पत्नी डोळे मिटून होती, आणि या वेळी ती होय म्हणत नव्हती, एवढे मला कळत होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी शुश्रूषेवर एक लहान पुस्तक लिहिले, ते १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात एक सबंध प्रकरण या फुकाच्या धीराविषयी आणि फुकाच्या सल्ल्याविषयीच आहे. रोग्याचे दुखणे क्षुल्लक आहे असे त्याला सांगत सुटणारे आप्तेष्ट हा रोग्यास केवढा ताप असतो, हे त्या बाईने विलायतेत बसून लिहिले. आपल्या ज्ञातीतील मंडळी तिला कोठे भेटली होती, कोण जाणे. खोलीबाहेर रोग्याच्या कानी अर्धवट पडेल अशी कुजबुज करू नये, हेही तिने बजावले आहे. तिची कीर्ती दिव्याची आहे. परंतु १८५४ च्या नोव्हेंबरात अडतीस स्त्रिया घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, तेव्हा तिने प्रथम हातात घेतली ती स्वच्छता. जखमांपेक्षा अधिक सैनिक घाणीतून उद्भवलेल्या रोगांनी मरत होते. आणि आणखी एक काम ती करी, जे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. जे सैनिक मरण पावत त्यांच्या घरी ती पत्रे लिही. मुलाचे अखेरचे दिवस कसे गेले हे दूरदेशीच्या आईला कळावे, हा त्यातील हेतू. रोगी गेला तरी त्याचे घर मागे राहते, हे तिने जाणले होते.

आमच्या त्या परिचारिकेने आठ जणांच्या घोळक्यास हाकलले नाही. ती हसून म्हणाली, "सगळे मावशींसाठी आलात, बरं वाटलं. आता एकानं आत थांबा. बाकीच्यांनी डबा कोण आणणार, रात्री काकांना कोण सुट्टी देणार, ते बाहेर ठरवून मला सांगा." आणि खरोखर त्यांनी ठरविले! ज्या गृहस्थांनी चुलत्यांची कथा सांगितली होती, तेच नऊ रात्री माझ्या जागी बसले. माणसे वाईट नसतात, त्यांना काय करावे हे सुचत नसते आणि म्हणून ती बोलत सुटतात.

आपल्या महाराष्ट्रास ही सेवा परकी नाही. १८९७ सालच्या प्लेगात घरची माणसेसुद्धा रोग्यास टाकून पळत होती. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या साहाय्याने रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापन झाले. स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून रमाबाई रानडे यांनी खटपट केली. भल्या घरच्या बायकांनी परक्या माणसाचे मलमूत्र काढावे काय, असे तेव्हाचा समाज विचारीत होता. तेव्हाचा म्हणतो खरा. परंतु तो प्रश्न आपल्या ज्ञातीत किती साली संपला? माझ्या माहितीप्रमाणे संपलेला नाही.

येथे मला लाजेची गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या मंडळाचे वधूवर नोंदणीचे पुस्तक पुष्कळ वर्षे माझ्याकडे होते. माझे अक्षर बरे म्हणून ते काम मला दिले होते. त्या पुस्तकात मुलांच्या बाजूस 'अपेक्षा' असा एक रकाना आहे. त्यात शिक्षण, उंची, वर्ण यांच्या खाली ठिकठिकाणी एक वाक्य आढळेल: 'परिचारिका चालणार नाही.' ते माझ्या वळणदार अक्षरात आहे. मुलाचे वडील सांगत आणि मी लिही. रात्रपाळी, पुरुष रोग्यांस स्पर्श, 'नाही नाही ते पाहणे' अशी कारणे ते देत, आणि मी मान डोलवी. नव्हे, दोन-तीन वेळा तर मीच सुचविले, 'तेही लिहून घेऊ काय?' म्हणून.

२००९ साली एका शेतकरी ज्ञातिबांधवाने आपल्या मुलीचे नाव नोंदविले. मुलगी चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीस लागलेली होती. मी अकरा स्थळे सुचविली, अकराही ठिकाणांहून नकार आला. पत्रिकेचा प्रश्नच नव्हता. अखेर ते गृहस्थ माझ्याकडे आले. मी त्यांना सांगितले, की मुलीने नोकरी सोडली तर पाहता येईल. ते काही वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरात कुणी आजारी पडणारच नाही का?" त्यांनी नाव काढून घेतले. मुलीने पुढे ज्ञातीबाहेर विवाह केला, आणि त्या विवाहास आपल्यापैकी कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. दिवसपाळीच्या परिचारिकेस निर्दय ठरविणे मला इतके सोपे का गेले, हे आता आपल्या ध्यानात येईल.

परिचारिकेच्या अंगी दया असावी असे आपण सारे म्हणतो. तिच्या पदरी आपण काय टाकतो, तेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली, की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये. आपल्या ज्ञातीत रुग्णालये चालविणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांतील काही पहिल्या रांगेत बसले आहेत. मी त्यांना प्रश्न विचारीत नाही. संमेलनास त्यांनी देणगी दिली आहे आणि चिटणीस माझ्याकडे पाहत आहेत.

परिचारिकांच्या सेवेचे एक उदाहरण मात्र सांगितलेच पाहिजे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानभाग ही तरुण परिचारिका होती. मूळ उत्तर कानड्यातील हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका कामगाराने तिच्यावर पाशवी अत्याचार केला. गळ्यास आवळलेल्या साखळीने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. मधल्या एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ तिला तेथील परिचारिकांनी सांभाळले. ज्यांनी तिला पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. मग ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशा मुली आल्या आणि त्यांनी तिला आपली मानले. कालवून, मऊ करून भरविणे, अंग पुसणे, कूस बदलणे. तिला मासे आवडतात हेसुद्धा त्यांना ठाऊक होते. तिच्या इच्छामरणाविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तो ७ मार्च २०११ रोजी फेटाळला गेला. तिच्यासाठी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने तिला सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाकडे बोट दाखविले. इतकी वर्षे अंथरुणास खिळूनही तिला शय्याव्रण झालेले नाही, याचीही नोंद निकालात आहे. इच्छामरण असावे की नसावे, यावर विद्वानांनी वाद घालावा. मी दोन दोन तासांनी सात महिने कूस बदललेली आहे, आणि सात महिन्यांत माझ्या हातून एकदा टाचेस जखम झाली. त्यामुळे एक्केचाळीस वर्षे म्हणजे काय, हे मला आकड्यांत नव्हे, मनगटात समजते.

सात महिने पत्नी घरी होती. या काळात आणखी एक गोष्ट मला कळली. रोगी बरा होणार नाही हे निश्चित झाले, की रुग्णालयाचे काम संपते, परंतु शुश्रूषेचे संपत नाही. तेथे तर ती सुरू होते. विलायतेत सिसिली सॉन्डर्स या बाई होत्या. त्या आरंभी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये मरणोन्मुख रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे धाम उघडले. वेदना ही केवळ शरीराची नसते, मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, आणि म्हणून रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबालाही सांभाळावयाचे, हे त्यांनी मांडले. आपल्याकडे मुंबईस १९८६ साली शांती आवेदना ही अशी पहिली संस्था निघाली. केरळात १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे केंद्र सुरू झाले. तेथून पुढे गावोगावच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून, परिचारिकेस बरोबर घेऊन, घरोघरी जाण्याची प्रथा पाडली, आणि २००८ साली त्या राज्य शासनाने त्यासाठी धोरणच आखले. त्या शेजाऱ्यांत कोणी डॉक्टर नव्हते. रोग्याजवळ दोन तास बसणे, घरच्या बाईस तेवढ्या वेळात बाजारहाट करू देणे, एवढे त्यांना जमत होते. आपल्या मंडळास ते जमणार नाही काय? आपल्या कार्यालयाच्या माळ्यावर संमेलनाच्या कमानी आणि ताशे पडून आहेत. त्यांच्या शेजारी दोन चाकांच्या खुर्च्या, एक वर-खाली होणारी खाट, दोन हवेच्या गाद्या ठेवल्या आणि गरजूस परतबोलीने दिल्या, तर खर्च एका वर्षीच्या मंडपाहून अधिक येणार नाही. माझ्या घरची खाट आणि गादी मी कालच कार्यालयात पोहोचती केली आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत पत्नीस न्यूमोनिया झाला आणि आम्ही पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. पूर्वीची परिचारिका तेथे नव्हती. ती नोकरी सोडून परदेशी गेल्याचे कळले. या वेळी एक प्रौढ बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. चौथ्या रात्री डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितले. त्या बाईंनी खाटेभोवती पडदा ओढला, माझ्यासाठी आणि मुलीसाठी दोन स्टुले आणून ठेवली, आणि यंत्राचा आवाज बंद केला. म्हणाल्या, "आता यंत्राकडं बघू नका. त्यांच्याकडं बघा. कान शेवटपर्यंत जागे असतात म्हणतात. काही बोलायचं असेल तर बोला." मी काय बोललो ते येथे सांगण्याजोगे नाही. पहाटे पाचच्या सुमारास ती गेली. दोनच वर्षांनी, २०२१ साली, माझे एक चुलत बंधू साथीच्या काळात गेले. त्या वेळी त्यांच्याजवळ कोणास जाऊ दिले नव्हते. अंगभर वेष चढविलेल्या एका परिचारिकेने आपल्या हाती फोन धरून त्यांना मुलाचा चेहरा दाखविला. मला पडदा आणि दोन स्टुले मिळाली, हे माझे भाग्य.

पत्नी गेल्यावर त्या बाई कोमट पाण्याचे भांडे घेऊन आल्या. नळ्या काढल्या, चेहरा पुसला, केस विंचरले. मग मला विचारले, "काका, यांना कुंकू लावायचं ना? कसं लावत होत्या?" मला सांगता येईना. सदतीस वर्षे रोज पाहिलेली गोष्ट, आणि मी नुसता उभा राहिलो. मुलीने पुढे होऊन लावले, भुवयांच्या थोडे वर, अगदी लहान. त्या बाईंनी मान हलविली, माझ्याकडे न पाहता चादर नीट केली, आणि पलीकडच्या खाटेवरून हाक आली म्हणून त्या तिकडे गेल्या.

नोंदणीचे पुस्तक गेल्या वर्षी मी नव्या चिटणीसांच्या स्वाधीन केले. देण्यापूर्वी एक काम केले, ते कार्यकारिणीस न विचारता केले आहे. माझ्या हातचे ते वाक्य जेथे जेथे आढळले तेथे तेथे मी ते लाल शाईने खोडले. एकूण तेवीस ठिकाणी निघाले. मंडळाच्या दप्तरात खाडाखोड करण्याचा मला अधिकार नव्हता. कार्यकारिणीने त्याबद्दल जाब विचारावा, मी उत्तर देईन. पुढे त्या रकान्यात ते वाक्य लिहून घ्यावयाचे की नाही, हा ठराव उद्याच्या सभेत माझ्या नावे मांडावा, असे पत्र मी अध्यक्षांकडे दिले आहे.

ते शेतकरी गृहस्थ बऱ्याच वर्षांनी आज संमेलनास आले आहेत. मघाशी मी त्यांना दारापाशी पाहिले. मागच्या बाजूस, खांबाजवळ बसले आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे सोळा-सतरा वर्षे थकलेले आहे. भाषण संपल्यावर त्यांनी निघून जाऊ नये, एवढी त्यांना विनंती आहे.